फ्लीटवूड, चार-सात-एक-सहा

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. किती जुना, ते माझ्या पोटावरच्या चिठ्ठीवर वाचायला जाऊ नका, कारण ती चिठ्ठी माझ्याहून तरुण आहे. सध्या मी एका करड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, ओलरनशॉ दांपत्याच्या घरी, दारालगतच्या छोट्या टेबलावर पडून आहे. आज रविवार. उद्या पोस्ट उघडलं की मला पाठवून देतील. तेवढ्यात माझी हकिगत सांगून टाकतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही भावंडं ताशी चारशेच्या वेगाने जन्माला येत होतो, त्यामुळे आईवडिलांविषयी विशेष सांगण्यासारखं काही नाही. रस्त्यावरून येणारी इंटरनेटची तार अंगात घ्यायची आणि ती भिंतींआरपार घरभर वाटायची, एवढंच आमचं काम. पहिली नोकरी प्रेस्टनला, पाच विद्यार्थ्यांच्या घरी. ते माझ्यावर पिझ्झाचा डबा ठेवत, कारण मी गरम असे आणि पिझ्झा गार. ते शिकून गेले. मला कंपनीने परत नेलं, कापसाने पुसलं, नवी चिठ्ठी डकवली, नव्या खोक्यात घातलं आणि फ्लीटवूडला क्लिफर्ड ओलरनशॉ यांच्याकडे 'नवा' म्हणून धाडलं.

क्लिफर्डने मला खोक्यातून काढलं, उजेडात धरलं, आणि माझ्या कडेवरच्या ओरखड्यावर बोट टेकवलं.

"नॉर्मा, हा वापरलेला आहे."

"मग सांग ना त्यांना."

"जाऊ दे. उगाच कशाला."

हे 'उगाच कशाला' नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. क्लिफर्ड साधासुधा माणूस नव्हता. वजनमापे खात्यात त्याने तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली होती. तो मच्छीबाजाराच्या कोपऱ्यावर दिसला की विक्रेत्यांचे अंगठे तराजूवरून आपोआप उचलले जात. एकदा त्याने अर्ध्या औंसासाठी एका खाटकाला कोर्टात उभं केलं होतं, आणि तो खाटीक त्याचा सख्खा मेहुणा होता. दुसऱ्याच्या पिशवीतल्या बटाट्यासाठी भांडायला तो सदैव तयार. पण स्वतःसाठी? स्वतःच्या चहात माशी पडली तर तो माशीची माफी मागून कप बाजूला ठेवील.

नॉर्माने मला टेबलावर बसवलं. खाली क्रोशाची चकती, शेजारी चिनी मातीचा कुत्रा. रात्री निजताना ती भिंतीवरचं बटण दाबून मला बंद करायची. त्या गावात सगळेच करतात. टोस्टरसुद्धा बटण बंद केल्याशिवाय झोपत नाही. मग जुन्या टेलिफोनच्या तारा बाद झाल्या. एक माणूस आला, त्याने फोनची तार भिंतीतून उपटली आणि माझ्या पाठीत खोचली. त्या दिवसापासून घरातला फोन माझ्यातून बोलू लागला, आणि त्या दिवसापासून नॉर्माने मला कधीही बंद केलं नाही.

कारण बेरिल.

बेरिल म्हणजे नॉर्माची थोरली बहीण. वय सत्त्याऐंशी. किनाऱ्यापलीकडच्या गावात, म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात राहते. तिची आठवण कडेकडेने विरत चालली आहे. नवऱ्याचं नाव गेलं, मग लग्न झालं होतं हेच गेलं. पण ओलरनशॉ राहतात ते घर या बहिणींच्या आईचं, आणि फोनचा नंबरही आईच्या वेळचाच. बेरिलचं डोकं विसरलं तरी तिचं बोट तो नंबर विसरलेलं नाही. दर रविवारी चार वाजता ती स्वतः फोन लावते, आणि पूर्वीच्या काळी लांबचे फोन ओरडून करत तशी ओरडते.

नॉर्मा फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नाही. तिची आई म्हणायची तसं म्हणते: "फ्लीटवूड, चार-सात-एक-सहा." पुढे आणखी आकडे लागले, पण घरात तेवढेच राहिले. आधी गाव, मग नंबर, मग माणूस. जुन्या पिढीची हीच रीत. ते ऐकलं की पलीकडून बेरिल म्हणते, "हां, मग बरोबर लागला." आणि मग दोघी वीस मिनिटं बोलतात. बेरिलला वाटतं ती आईशी बोलते आहे. नॉर्मा तिला दुरुस्त करत नाही.

क्लिफर्डला ही पद्धत हास्यास्पद वाटे. तो फोन उचलून 'हॅलो' म्हणायचा. गेल्या वर्षी नॉर्मा न्हाणीघरात असताना त्याने रविवारचा फोन उचलला आणि 'हॅलो' म्हणाला. बेरिलने "चुकीचा लागला" म्हणून ठेवून दिला. पुन्हा लावला नाही. आठवडाभर ती धड जेवली नाही. आईने घर सोडलं, एवढंच म्हणत राहिली. तिथल्या बाईंनी नॉर्माला कळवलं, पण दुसऱ्याने लावून दिलेला फोन बेरिल कानालाच लावेना. पुढच्या रविवारी चारला तिने आपण होऊन फोन लावला आणि नॉर्माने नंबर म्हटला, तेव्हा कुठे तिने सूप घेतलं. तेव्हापासून रविवारी चारला क्लिफर्डला फोनच्या आसपास फिरकायची मनाई आहे.

आता मूळ दुखण्यावर येतो. माझा करार चोवीस महिन्यांचा होता. महिना एकतीस पौंड. करार संपला की भाव बावन्न. तार तीच, वेग तोच, मीही तोच, ओरखड्यासकट. नव्या गिऱ्हाइकाला स्वस्त आणि जुन्याला महाग, हा व्यवहार मला कधीच समजला नाही. मच्छीबाजारात कोणी असा भाव लावला असता तर क्लिफर्डने त्याला सोडलं नसतं. कंपनीचं पत्र महिनाभर आधी आलं होतं. क्लिफर्डने ते वाचलं आणि शेकोटीवरच्या फळीवरल्या घड्याळामागे खोचलं, कारण विचार करण्याचे कागद त्या घरात घड्याळामागे राहतात. तिथे चौदा वर्षांपूर्वीची बियाण्यांची एक यादीही अजून विचाराधीन आहे.

बावन्नचं बिल आलं तेव्हा नॉर्मा म्हणाली, "महिन्यातल्या एका शुक्रवारचा मासा आणि बटाटे गेले म्हणायचे."

शेजारी गॉर्डन टॅटरसॉल राहतो. त्याला स्वस्तात काही मिळालं की ते गल्लीला कळेपर्यंत त्याचं अन्न पचत नाही. तो कुंपणाची कात्री परत द्यायला आला आणि दारातच माझ्यासमोर उभा राहिला.

"बावन्न? अरे लेका, मी चोवीस देतो! फोन करायचा आणि म्हणायचं, मी चाललो."

"कुठे?" क्लिफर्डने विचारलं.

"कुठेच नाही!"

"मग चाललो कशाला म्हणायचं?"

"तू म्हणायचं चाललो, त्यांनी म्हणायचं थांबा हो, मग तू म्हणायचं किती देता. घाबरतात रे ते."

"म्हणजे खोटं बोलायचं."

"खोटं नव्हे, क्लिफ. ही रीत आहे. सगळा देश करतो. उभा जन्म तराजू तपासलास, एकदा तरी काट्याला बोट लावून बघ!"

क्लिफर्डने तीन दिवस सराव केला. न्हाणीघरात दाढी करताना मला ऐकू यायचं: "मी चाललो. मी चाललो हं."

शुक्रवारी त्याने फोन लावला. मित्रांनो, वाट पाहायला लावणारं ते संगीत माझ्या अंगातूनच जातं. अडतीस मिनिटं बासरी. मग एका मुलीचा आवाज आला. नाव ऱ्हियानन, बोलण्यात वेल्सचा हेल, आणि नोकरीत बहुधा नवी.

"मी... चाललो आहे," क्लिफर्ड म्हणाला. फोनची तार माझ्या पाठीत हलत होती.

"अरेरे. विचार पक्का आहे का, सर?"

इथे 'तुमच्याकडे काही सवलत आहे का' असं विचारायचं असतं. गॉर्डनने ते तीनदा घोकवून घेतलं होतं. पण पक्का आहे का म्हटल्यावर, तीस वर्षं शपथेवर साक्ष दिलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

"पक्का."

"मग मी तुम्हाला अडवत नाही. अडवलं की माणसं वैतागतात. मला स्वतःलासुद्धा आवडत नाही. झालं बघा, सर. चौदा दिवसांनी बंद."

मी हिरवा दिवा लुकलुकवत राहिलो. दुसरं काय करणार? मला वाटलं आता तो म्हणेल, अहो बाई, मी थाप मारत होतो. पण तसं म्हणायचं म्हणजे एका अनोळखी मुलीसमोर स्वतःला थापाड्या ठरवायचं.

"फारच छान," क्लिफर्ड म्हणाला. "आभारी आहे." फोन ठेवेपर्यंत त्याने पाच वेळा आभार मानले. मी मोजले.

नॉर्मा पीठ लागलेले हात घेऊन बाहेर आली. "मिटलं?"

"मिटलं," क्लिफर्ड म्हणाला.

ही दुसरी थाप. पहिली निदान सराव करून मारलेली होती. नॉर्माने त्या दिवशी अंडं-दुधाची गोड पाई भाजली, आणि दुपारपर्यंत गल्लीत सांगून झालं की आमच्या क्लिफने कंपनीला वाकवलं.

चार दिवसांनी टपालाने एक करडी पिशवी आली. हीच. सोबत पत्र: 'आपण निघालात याचं वाईट वाटतं. एकवीस तारखेला, शुक्रवारी मध्यरात्री, आपली सेवा बंद होईल. आपला दूरध्वनी क्रमांकही बंद होईल आणि परत मिळेलच असं नाही. उपकरण या पिशवीतून पाठवावं.'

क्लिफर्डने ते तिथेच, पायपुसण्यावर उभ्याने वाचलं. 'क्रमांकही' या शब्दापाशी त्याचे ओठ थांबले. त्याला हे माहीतच नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. मग पत्र आणि पिशवी घेऊन गेला आणि आपल्या पितळी वजनांच्या पेटीत, एक पौंडाच्या वजनाखाली दडवून आला.

पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारा. तो माझ्यासमोरून जायचा, फोन उचलायचा, आकडे दाबायचा. बासरी सुरू व्हायची. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं तो थांबायचा. आणि पलीकडे माणूस बोलला, की ठेवून द्यायचा! दोनदा असं झालं. 'मी खोटं बोललो', तीन शब्दांचं वाक्य. पण त्या देशात माणूस चुकीच्या गाडीत बसला तर शेवटच्या थांब्यापर्यंत जातो, उतरून चूक कबूल करत नाही.

सोळा तारखेच्या रविवारी चारला फोन वाजला. क्लिफर्ड मनाई असूनही जिन्यात उभा होता.

"फ्लीटवूड, चार-सात-एक-सहा."

"हां, मग बरोबर लागला!" बेरिल ओरडली. "आई, पडदे आत घेतलेस का? वारा सुटलाय."

"घेतले गं. घेतले."

फोन ठेवल्यावर क्लिफर्ड खाली आला. "नॉर्मा, समजा... समजा कधी हा नंबर बदलला तर?"

"तर आमची आई पुन्हा मरेल," नॉर्मा म्हणाली आणि बटाटे सोलायला गेली.

बुधवार उजाडला. शुक्रवार धरून हातात तीन दिवस. नॉर्मा पितळ घासायला बसली: दाराची मूठ, मेणबत्तीचे दांडे, आणि शेवटी तिला काय सुचलं, तर नवऱ्याची वजनं. मला पेटीचं झाकण उघडल्याचं ऐकू आलं. मग कागदाचा आवाज.

"क्लिफ," ती म्हणाली, "चहा टाकू का?"

मित्रांनो, त्या घरात कोणी मेल्याशिवाय बुधवारी साडेसहाला चहा होत नाही. क्लिफर्ड येऊन उभा राहिला. नॉर्माने पत्र माझ्यावरच ठेवलं होतं.

"तो मला सांगत होता की..." क्लिफर्डने सुरुवात केली.

"गॉर्डनचं नाव घेऊ नकोस. गॉर्डन मूर्ख आहे, ते त्याच्या आईलाही ठाऊक होतं. तू माझ्या भावाला अर्ध्या औंसासाठी कोर्टात नेलंस, क्लिफ. आणि बारा दिवसांत तुला मला अर्धा औंस खरं सांगता आलं नाही?"

"मला वाटलं, काहीतरी मार्ग..."

"मी अख्ख्या गल्लीला सांगितलं, माझ्या नवऱ्याने कंपनीला वाकवलं म्हणून."

"ते फार वाईट झालं."

"ते खड्ड्यात गेलं! रविवारी चारला ती नंबर फिरवेल ना, तेव्हा तिकडे कोणीच नसेल. ते वाईट झालं. लाव फोन. मी इथेच उभी आहे."

कंपनीचा फोन आठला बंद होई. बासरी सुरू झाली तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. नॉर्मा चहाचा कप हातात धरून होती, पीत नव्हती. पावणेआठ झाले. माझ्यातून त्या बासरीशिवाय काही जात नव्हतं, आणि मला आयुष्यात प्रथमच आपलं काम नकोसं झालं. आठला पाच मिनिटं असताना एक खर्जातला स्कॉटिश आवाज आला. नाव फर्गस.

क्लिफर्डने डोळे मिटले. "मी थाप मारली होती," तो म्हणाला. "मला कुठेही जायचं नव्हतं. स्वस्त करून मिळावं म्हणून मी चाललो म्हणालो, आणि त्या मुलीला ते खरं वाटलं. तिची चूक नाही. मी खोटं बोललो."

मग फर्गस म्हणाला, "सर, इथे दिवसाला दोनशे जण ही थाप मारतात. ती मागे घ्यायला आलेले तुम्ही पहिले."

"मग मागे घ्या!"

"तेच तर होत नाहीये. बंदची नोंद पुढे गेली, माझ्या हातात नाही. पण ऐका. हे खरं तर मी सांगायचं नसतं. नंबर शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत जिवंत आहे. तोवर दुसऱ्या कंपनीने तो तुमच्यासाठी मागितला तर तो मरत नाही, त्यांच्याकडे जातो. आजच मागा. उद्यावर टाकू नका."

क्लिफर्डने आभार मानले. या वेळी एकदाच.

त्याच संध्याकाळी दोघं जेवणाच्या टेबलावर संगणक उघडून बसली. नॉर्मा वाचत होती, क्लिफर्ड एका बोटाने टाईप करत होता. 'आपला नंबर सोबत न्यायचा आहे का?' अशा प्रश्नापुढे चौकोन होता. नॉर्माने त्यावर खूण केली, ती राहिली का हे तीनदा पाहिलं, आणि मग बटण दाबलं.

ती मागणी गेली कशातून? माझ्यातून. माझ्या जागी येणाऱ्याचं बोलावणं मीच पोहोचवलं, मित्रांनो. एक अक्षर अडवलं असतं, निदान गरगर फिरणारं ते चक्र दाखवून थोडं रेंगाळलो असतो, तर कोणाला कळलं नसतं. पण मी त्या घराचा फोन होतो. जेवढा वेग अंगात होता तेवढ्या वेगाने ती मागणी बाहेर घालवली.

शनिवारी नवा राउटर लागला. पांढराशुभ्र, गर्विष्ठ, एकही ओरखडा नाही. मला चकतीवरून उचलून या पिशवीत घातलं. पण पिशवीत घालण्यापूर्वी मी एक गोष्ट पाहिली. क्लिफर्डने नव्याला उलटा केला आणि न पुसणाऱ्या शाईने त्याच्या पोटावर एक तारीख लिहिली: करार संपण्याच्या एक महिना आधीची. तपासलेल्या वजनावर तो असाच वर्षाचा शिक्का ठोकायचा. घड्याळामागे त्याने काहीही ठेवलं नाही.

मात्र नंबर आला नव्हता. 'रविवारपर्यंत येईल, बहुतेक,' असं नव्या कंपनीने सांगितलं होतं. क्लिफर्डने मोबाईलवरून घरचा नंबर फिरवला. टेबलावरचा फोन गप्प. मोबाईलमधली बाई म्हणाली, 'आपण फिरवलेला क्रमांक अस्तित्वात नाही.' रात्री तेच. आज सकाळी तेच. दुपारी दोनला तेच. तीनला नॉर्माने त्याचा मोबाईल काढून घेतला आणि पावाच्या डब्यात ठेवला.

पिशवीतून मला दिसत नाही, पण ऐकू येतं. पावणेचारला दोघं येऊन उभी राहिली. चिनी मातीचा कुत्रा कोणीतरी उगाचच सरकवला. मग घड्याळाचे चार ठोके पडले. फोन वाजला नाही. बाहेरून ट्राम गेली. चार वाजून दोन मिनिटं. नॉर्मा नाकाने श्वास घेत होती. क्लिफर्ड म्हणाला, "नॉर्मा, मी..." आणि ती म्हणाली, "गप्प."

चार वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.

कोणी हलेना. दुसऱ्यांदा वाजला.

"उचल ना," क्लिफर्ड म्हणाला.

"तू उचल," नॉर्मा म्हणाली. "तू घालवला होतास. तू उचल, आणि नीट उचल."

फोन उचलल्याचा खट्ट आवाज झाला. क्लिफर्ड खाकरला. साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिल्यासारखा, एकेक आकडा तोलून म्हणाला:

"फ्लीटवूड. चार. सात. एक. सहा."

क्षणभर पिशवीतल्या पिशवीत माझे बंद पडलेले दिवे लागतात की काय असं मला वाटलं. आणि मग ओरडा आला, भिंतीपलीकडे गॉर्डनलाही ऐकू गेला असेल:

"हां, मग बरोबर लागला! बाबा, आईला द्या."

"देतो हं, बाळ," क्लिफर्ड म्हणाला.

तर मित्रांनो, उद्या मी निघालो. मला पुन्हा पुसतील, नवी चिठ्ठी डकवतील आणि कुणाच्या तरी घरी नवा म्हणून पाठवतील. कदाचित तुमच्याच घरी. कडेला ओरखडा दिसला तर ओळखा, आणि 'उगाच कशाला' म्हणू नका, विचारा. माझ्या पोटावर करार संपायची तारीख लिहा. माझ्यावर पिझ्झा ठेवू नका. भाव वाढला तर सरळ म्हणा, भाव जास्त आहे, कमी करता का. त्याला थापेची गरज नसते. आणि थाप मारलीच, तर ती घरात तरी लपवू नका.

क्लिफर्ड खोटं खोटं म्हणाला होता, मी चाललो. तो आहे तिथेच आहे. आत्ता दोघं चहा पीत बसली आहेत. खरोखर निघालो तो मी.